चुना कोणी लावायचा?

मे महिन्यात स्पेनहून परत आल्यावर फॅमिली ग्रुपवर चाळीसेक फोटो टाकले आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र डोंगरी गावाच्या फोटोंवर आमच्या मेव्हण्याची कमेंट आली, "याला म्हणतात गाव ठेवणं. आपल्याकडे असं एक तरी ठेवलंय का?" त्यावर पाच मिनिटांत सहा अंगठे. मीपण देणार होतो, पण त्या "ठेवणं" शब्दापाशीच अडकलो. शोकेसमध्ये बाहुली ठेवतात, फ्रीजमध्ये भाजी ठेवतात. गाव कोण ठेवतं? आणि कोणासाठी?

तर जरा सविस्तर लिहितो, कारण ग्रुपवर एवढं लिहिलं तर कोणी वाचत नाही.

मुलगी ग्रानादाला मास्टर्स करतेय म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलेलो. अल्हाम्ब्राचा राजवाडा वगैरे बघून झाल्यावर ती म्हणाली, बाबा, आता खऱ्या गावात जाऊया, आणि ग्रानादाहून बसने आम्ही अल्पुहारात गेलो. सिएरा नेवादा म्हणून जी बर्फाची रांग आहे, ज्यात मुलासेन हे 3,479 मीटरचं शिखर आहे, तिच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख. अंतर फार नाही पण ओर्हिवा सोडलं की रस्ता असा वळायला लागतो की आंबा घाटात वांती न झालेल्या माणसालाही इथे झाली असती, माझ्या बायकोला झालीच. त्या दरीला पोकेइरा म्हणतात आणि तिच्या कडेवर एकावर एक तीन गावं चिकटलेली आहेत, खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबियोन, वर कापिलेइरा, जे 1,400 मीटरच्याही वर आहे. खालून बघितलं तर कोणीतरी डोंगराला दही फासलंय असं वाटतं.

गावं सुंदर आहेत, त्यात वादच नाही. पण सुंदर का दिसतात हे बघायला थोडं थांबावं लागतं. घरं उतरंडीसारखी, खालच्याचं छप्पर ते वरच्याचं अंगण. छप्परं सपाट, त्यावर लाउना नावाची करड्या रंगाची माती पसरलेली, जी ओली झाली की घट्ट बसते आणि पाणी आत जाऊ देत नाही. गल्लीच्या वर घराचा एखादा भाग पुढे आलेला असतो, खालून वाट जाते, त्याला तिनाओ म्हणतात, उन्हात बरं वाटतं, पावसात तर फारच. मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरातल्या बर्बर लोकांची घरं बघितलीत तर तीही अशीच, आणि ते काही योगायोगाने नाही. दारांवर हारापा विकायला टांगलेल्या असतात, म्हणजे चिंध्यांच्या पट्ट्या विणून केलेली सतरंजी. बायको म्हणाली ही तर आपली वाकळच, फक्त इथे तिला साठ युरो म्हणतात. पाम्पानेइरात एक कारंजं आहे, त्यावर लिहिलंय की लग्नाळू माणसाने हे पाणी प्यायलं तर जोडीदार लगेच मिळतो. मुलीने तहान लागलेली असूनही पाणी प्यायलं नाही. असो.

कापिलेइराच्या एका मागच्या गल्लीत, जिथे दुकानं संपतात तिथे, एक सत्तर-पंच्याहत्तरची बाई दाराबाहेर बादली घेऊन भिंतीला चुना मारत होती. लांब बांबूला ब्रश बांधलेला. मी उभाच राहिलो. कारण आमच्या संगमेश्वराकडच्या घरी गणपतीआधी हेच काम असायचं, चुनकळी पिंपात टाकायची, वर पाणी ओतलं की ती रटरट उकळायची, आजोबा आम्हा पोरांना लांब उभं करायचे कारण डोळ्यात उडालं तर डोळा गेला, मग दोन दिवसांनी थंड झाल्यावर त्यात थोडी नीळ घालायची म्हणजे पांढरा जास्त पांढरा दिसतो. मी मुलीला म्हटलं, विचार की यात नीळ घालता का. बाई हसली, म्हणाली माझी आई घालायची. बस, ओळख झाली.

मग तिने जे सांगितलं ते मुलीच्या तोंडून मला कळलं तेवढं सांगतो. पूर्वी सणाआधी गल्लीतल्या सगळ्या बाया एकाच आठवड्यात चुना काढायच्या. पुरुष नाही, बायाच. एखादीने काढला नाही तर दोन दिवसांत गावभर बोभाटा. आता या गल्लीत ती धरून तीन घरं राहती आहेत. बाकीची? हे बार्सेलोनातल्या माणसाचं, ऑगस्टमध्ये येतो. हे एका परदेशी जोडप्याचं. ही दोन भाड्याची, चावीचा डबा भिंतीवर लावलाय तो दिसतोय ना, नंबर दाबला की उघडतो. त्यांना रंग कोण देतं? ठेकेदार. चुना नाही, डब्यातला प्लास्टिक पेंट.

इथे मला पहिला मुद्दा मांडायचाय. त्या गल्लीतली सगळी घरं फोटोत सारखीच पांढरी दिसतात. माझ्याच फोटोत तुम्हाला सांगता येणार नाही की कुठलं तिचं आणि कुठलं चावीच्या डब्याचं. पण दोन्ही पांढऱ्यांत फरक आहे आणि तो भावनिक वगैरे नाहीये, सरळ केमिस्ट्रीचा आहे. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशाला भाजली की चुनकळी होते, पाण्यात विरवली की चुना होतो, भिंतीवर मारला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू परत चुनखडीच होतो. म्हणजे दरवर्षी तुम्ही घराला दगडाचा एक पातळ पापुद्रा चढवत असता. म्हणून तिथल्या जुन्या भिंतींचे कोपरे गोल झालेले असतात, पिढ्यान्‌पिढ्यांचे थर बसून. ताजा चुना इतका तिखट की जंतू टिकत नाहीत, साथीच्या काळात घराला चुना मारायचा तो यासाठीच. ऊन परतवतो. आणि दगड-मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. प्लास्टिक पेंट ही ओल आत कोंडतो, मग दोन-चार वर्षांत भिंतीला फुगे येतात, पोपडे सुटतात. फोटोत मात्र तो पहिल्या दिवसापासून झकास.

अंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्यात येतं त्या दक्षिण स्पेनच्या प्रदेशात, चुन्याची कदर नाही असं म्हणता येणार नाही. सेव्हिया प्रांतात मोरोन दे ला फ्रोंतेरा नावाचं गाव आहे, तिथल्या पारंपरिक चुनाभट्टीची कला टिकवायच्या कामाला युनेस्कोने 2011 साली चांगल्या जतनाचं उदाहरण म्हणून आपल्या यादीत घेतलं. म्हणजे नुसती पांढरी भिंत नाही, भट्टी लावणारा माणूस टिकला पाहिजे हे कोणाच्यातरी लक्षात आलंय. पण टुरिस्टच्या लेखी चुनाभट्टीत बघण्यासारखं काय आहे? काळपट खड्डा आणि धूर.

आता दुसरा मुद्दा, तो थोडा जास्त वादाचा. मेव्हण्यासारखे आपण सगळे धरून चालतो की ही गावं "पहिल्यापासून अशीच" आहेत. नाहीत. अल्पुहारातली बरीच घरं पूर्वी नुसत्या दगड-मातीच्या रंगाची होती, डोंगरातून वेगळी ओळखूही येणार नाहीत अशी, सगळीकडे पांढरं करायची रीत बरीच अलीकडची. आणि माणसं तर त्याहून बदललेली. 1492 ला ग्रानादाचं मुसलमानी राज्य ख्रिश्चन राजा-राणीच्या हाती पडलं तेव्हा शेवटचा सुलतान बोआब्दिल याला याच अल्पुहारात जहागिरी दिली होती, तो 1493 मध्ये आफ्रिकेला निघून गेला. मागे राहिलेल्या मुसलमानांना जबरदस्तीने ख्रिश्चन केलं, त्यांना मोरिस्को म्हणायचे. त्यांची भाषा, कपडे, हमाम सगळ्यावर बंदी आली तेव्हा 1568 च्या नाताळात इथूनच बंड पेटलं, दोन वर्षं चाललं, भयंकर रक्तपात झाला, आणि मग उरलेल्या मोरिस्कोंना ग्रानादाच्या राज्यातून हुसकून स्पेनभर विखरून टाकलं, 1609 पासून तर देशातूनच काढलं. गावं ओस पडली. त्यात उत्तरेतून आणून नवे लोक बसवले. त्यांना डोंगरातलं हे पाणी कसं खेळवायचं ते माहीत नव्हतं, म्हणून गावागणिक एक-दोन मोरिस्को घरं मुद्दाम ठेवून घेतली होती असं तिकडे सांगतात.

म्हणजे ज्या आजीला आपण "अस्सल" म्हणून फोटोत घेतो तिचे पूर्वजही कधीतरी बाहेरून येऊन दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहायला लागलेले. मला यात तिला कमी लेखायचं नाही. उलट मला असं म्हणायचंय की अस्सलपणा भिंतीत शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही. जो राहतो, जो छप्पर गळलं तर वर चढतो, ज्याच्या पोराला थंडीत शाळेत जायचंय, गाव त्याचं. त्याने भिंतीला कुठला रंग द्यायचा हे बसमधून तीन तासांसाठी उतरलेल्या माझ्यासारख्याने का ठरवावं?

आणि इथे मला हुस्करची गोष्ट सांगायलाच हवी, कारण यावर मुलीचं आणि माझं ग्रानादाच्या बसमध्ये कडाक्याचं भांडण झालं.

हुस्कर हे मालगा प्रांतात रोंदाच्या डोंगरात, चेस्टनटच्या जंगलातलं अडीचशेच्या आतल्या वस्तीचं गाव. चारचौघांसारखं पांढरं. 18व्या शतकात राजाच्या आशीर्वादाने इथे कल्हईच्या पत्र्याचा कारखाना निघाला होता, स्पेनमधला पहिला, तोही बंद पडून जमाना झाला. तर 2011 साली सोनी कंपनीला स्मर्फ्सच्या म्हणजे त्या निळ्या बुटक्यांच्या पिक्चरची जाहिरात करायची होती, त्यांनी हे गाव निवडलं, गावातलेच बेकार लोक रंगारी म्हणून लावले आणि अख्खं गाव निळं करून टाकलं. घरं निळी, चर्च निळं, सगळंच निळं. करार असा की पिक्चर झाला की कंपनी परत पांढरं करून देणार. पण तोवर जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे हजारोंनी माणसं यायला लागली, पोराटोरांना घेऊन, आणि वर्षाअखेरीस गावाने मतदान घेऊन ठरवलं की आम्हाला निळंच राहायचंय. पुढे 2017 मध्ये त्या बुटक्यांच्या हक्कदारांशी बिनसलं आणि गावाला स्मर्फ्सचं नाव वापरायची बंदी आली, पण भिंती निळ्याच राहिल्या.

मुलगी म्हणते हे विकृत आहे. एका कार्टूनसाठी गावाने आपला चेहरा विकला, उद्या दुसरी कंपनी येऊन गुलाबी करेल. तिचं आर्किटेक्चरशी संबंधित शिक्षण चालू आहे त्यामुळे तिला हे जास्तच लागतं. मी तिला म्हटलं, अगं जयपूर 1876 साली गुलाबी केलं ते कोणासाठी? इंग्लंडचा राजपुत्र येणार म्हणून. आज त्याला आपण वारसा म्हणतो आणि त्याबाहेरचा रंग दिला तर नोटीस येते. म्हणजे राजपुत्रासाठी रंगवलं तर परंपरा आणि पोरांच्या पिक्चरसाठी रंगवलं तर विकृती? ती म्हणाली बाबा, जयपूर जिवंत शहर आहे, हुस्कर थीम पार्क झालंय. यावर मी गप्प बसलो, पण ग्रानादा आल्यावर सुचलं ते आता लिहितो. थीम पार्कमध्ये मतदान होत नाही. पोकेइराची तिन्ही गावं 1982 पासून संरक्षित यादीत आहेत, तिथे खिडकी मोठी करायची तर परवानगी, छपरावर काही बसवायचं तर परवानगी. मग थीम पार्कसारखं कुठलं वागतंय, निळं की पांढरं?

हां, आता कोणी म्हणेल की मग नियमच नकोत का, प्रत्येकाने तीन मजली सिमेंटचं आणि वर हिरव्या काचा लावायच्या का, जसं आपल्याकडे कोकणात झालं. हा आक्षेप मला मान्य आहे, मी काही डोळे मिटून बसलेलो नाही. नियम नसते तर पोकेइराची दरी आज कशी दिसली असती याची कल्पना करायला आपल्याला फार लांब जायला नको, कुठलंही हिल स्टेशन बघा. नियम हवेत. पण नियमासोबत पैसाही त्याच घरात यायला हवा. लाउनाचं छप्पर दरवर्षी बघावं लागतं, चुना दरवर्षी मारावा लागतो, ते करणारा माणूस म्हातारा झालाय. त्याला जर सांगायचं की तुझं घर आमच्या डोळ्यांना छान दिसलं पाहिजे, तर डोळ्यांनी त्याचं बिल भरावं. नाहीतर काय होतं, म्हाताऱ्याची पोरं घर विकून मोकळी होतात आणि ते घेण्याची ऐपत असलेला माणूस एकतर सुट्टीपुरता येणारा असतो नाहीतर भाड्याने देणारा. नियम पाळले गेले, भिंत पांढरी राहिली, फक्त आत कोणी नाही.

आत कोणी नाही ही तक्रार स्पेनमध्ये फार जुनी आहे. 1950 ते 70 च्या काळात अंदालुसियातून लाखो माणसं बार्सेलोना, जर्मनी, स्वित्झर्लंडला कामाला गेली. ऑगस्टच्या जत्रेला ती किंवा त्यांची पोरं परत येतात, आठ-दहा दिवस गाव भरतं, आणि मग परत कुलपं. वाचताना कोकणातल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको, चाकरमानी हा शब्द स्पॅनिशमध्ये नाही एवढंच. "रिकामा केलेला स्पेन" हा तिकडे आता राजकीय शब्द झालाय, 31 मार्च 2019 ला त्यासाठी माद्रिदमध्ये प्रचंड मोर्चा निघाला होता. शब्द बघा, रिकामा "झालेला" नाही, "केलेला". आणि गंमत म्हणजे याच देशात दुसऱ्या टोकाला माणसं मावत नाहीत. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत, आणि 2024 साली बाहेरून आलेले पर्यटक जवळपास 9 कोटी 40 लाख. त्याच वर्षी जूनच्या शेवटी मालगामध्ये लोक रस्त्यावर उतरले, घोषणा होती की मालगा जगायला हवं, नुसतं तगायला नको. कारण भाडी. मुलगी ग्रानादात ज्या खोलीत राहते तिचं भाडं ऐकून मी पुण्याला शिव्या देणं बंद केलं.

तर आता टुरिस्ट. म्हणजे मी. परत आल्यावर दोन प्रकारची मंडळी भेटतात. एक म्हणतात, पर्यटनाने सगळी वाट लावली, आता तिथे जाण्यात अर्थ नाही, आम्ही गेलो होतो तेव्हा खरं होतं. ही मंडळी मला सगळ्यात जास्त डोक्यात जातात, कारण त्यांचं म्हणणं एवढंच असतं की माझ्यामागे दार लावून घ्या. दुसरे म्हणतात, पर्यटन नसतं तर ही गावं कधीच मेली असती, त्यामुळे जितके जास्त तितकं बरं. हे निम्मं खरं आहे. मिहास नावाच्या अशाच एका पांढऱ्या गावात गाढवाची टॅक्सी आहे, साठच्या दशकात कामावरून गाढवं घेऊन परतणाऱ्या मजुरांकडे टुरिस्ट फोटो मागायला लागले, बक्षिसी मजुरीपेक्षा जास्त मिळायला लागली, आणि त्यांनी मजुरीच सोडली. मी त्या मजुराच्या जागी असतो तर मीपण सोडली असती. गाढवाला कोणी विचारलं नाही हा वेगळा मुद्दा, त्यावरून तिथे आजही वाद चालू आहे. पण निम्मं खोटं अशासाठी की "जितकी माणसं जास्त" आणि "जितकं गावाला जास्त" यात फरक आहे. माणसांनी भरलेल्या बसगाड्या सकाळी अकराला येतात, सेतेनिल नावाच्या गावात एका प्रचंड खडकाखालच्या गल्लीत सगळे एकाच ठिकाणी उभं राहून एकच फोटो काढतात, एक कॉफी, एक बाथरूम, तीनला परत. गावाला मिळालं काय? कचरा आणि कॉफीचे पैसे.

यात आपला मराठी टुरिस्ट अजून फारसा नाही, पण येतोय. 2011 मध्येच तीन मित्रांच्या स्पेन ट्रिपचा तो हिंदी पिक्चर आला, त्यातलं सगळे नाचतात ते गाणं वेल्वा प्रांतातल्या आलाहार नावाच्या अशाच एका पांढऱ्या डोंगरी गावात शूट केलंय. त्यानंतर स्पेन आपल्या ट्रिपांच्या यादीत वर सरकलं. ग्रुप टूरच्या कार्यक्रमात आता "रोंदा व पांढरी गावे, अर्धा दिवस" अशी एक ओळ असते. गावे, अनेकवचन, आणि अर्धा दिवस. सेव्हियाहून निघून वाटेत दोन गावं बसच्या काचेतून दाखवली तर तेवढ्यात होतंही म्हणा.

मला विचाराल तर भांडण टुरिस्टच्या संख्येवर घालण्यापेक्षा घरांवर घालायला पाहिजे. एखाद्या गल्लीत किती दारांवर चावीचा डबा चालेल, हे त्या गावाने ठरवावं. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, अंदालुसिया सरकारने 2024 मध्ये नियम बदलून टुरिस्ट भाड्याच्या घरांवर मर्यादा घालायचे अधिकार नगरपालिकांना दिलेत. अधिकार दिले म्हणजे वापरले जातील असं नाही, कारण छोट्या गावात चावीच्या डब्याचा मालक हा बहुतेकदा नगरसेवकाचा मेव्हणा असतो (आमचा नाही, आमचा बिचारा विम्यात आहे). तरी सुरुवात बरी आहे. मोठ्या शहरात हा कायदा भाडी कमी करण्यासाठी वापरतील, डोंगरातल्या गावात मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे. दहा घरांतली सहा राहती असतील तर बाकी चारांतला टुरिस्ट त्या सहांना जगवतो, किराणा दुकान चालतं, बस चालू राहते, ग्रानादाला जायला आजीला गाडी मिळते. सहाच्या दोन झाल्या की टुरिस्टसुद्धा येऊन बघणार काय, एकमेकांना?

आणि पाणी. मी पाण्याबद्दल लिहिणारच होतो, कारण मला या सगळ्या ट्रिपमध्ये भिंतींपेक्षा जास्त काय आवडलं असेल तर असेकिया. असेकिया म्हणजे पाट. शब्दच अरबी, अस-साकियावरून आलेला. कापिलेइराहून वर चालत गेलं की डोंगराच्या कडेने हातभर रुंद पाट वाहतात, मातीचे, काही ठिकाणी दगडाने बांधलेले, हजारेक वर्षांपूर्वीपासून मुसलमानी काळात खणलेले. त्यातला एक प्रकार फार हुशारीचा आहे, त्याला कारेओ म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळायला लागलं की पाणी खाली नदीत पळून जाऊ द्यायचं नाही, ते पाटाने वळवून वरच्याच उतारावर मुरेल अशा जागी सोडायचं. ते जमिनीत उतरतं, आणि कित्येक आठवड्यांनी, भर उन्हाळ्यात, खाली गावाच्या झऱ्यातून बाहेर येतं. त्याला ते पाणी पेरणं म्हणतात. धुळे-नाशकाकडची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना पाटकरी आठवेल, ज्याच्या हातात कोणाला किती वेळ पाणी हे असायचं. तिथे त्याला असेकिएरो म्हणतात, आणि तोही पाटकऱ्यासारखाच नाहीसा होत चाललाय. माणसं गेली की पाटात गाळ भरतो, मग पाट फुटतो, मग वरचे चेस्टनट वाळतात, खालचा झरा आटतो. ग्रानादा विद्यापीठाच्या लोकांनी 2014 पासून हे बुजलेले पाट परत मोकळे करायला घेतलेत, कान्यार नावाच्या गावच्या बार्हास पाटापासून सुरुवात केली, विद्यार्थी, गावकरी, बाहेरून आलेले हौशी, सगळे फावडी घेऊन. मुलगी एक शनिवार-रविवार अशाच कामाला जाऊन आली होती, हाताला आलेले फोड तिने कौतुकाने दाखवले. आर्किटेक्चरच्या कॉलेजात कुदळ धरायला शिकवत नाहीत.

पाटाचा फोटो कोणी टाकत नाही. मीही नाही टाकला, आत्ता लक्षात आलं. चिखलाचा ओहोळ दिसतो तो. पण दरीतली हिरवळ, झरे, टोमॅटो, आणि म्हणून गाव, हे सगळं त्या ओहोळाच्या जिवावर. तिथल्या सरकारने उद्या मला विचारलं (विचारणार नाही) की जतनाचे शंभर रुपये कुठे घालू, तर मी म्हणेन भिंतीवर दहा घाला, साठ पाटात घाला, आणि तीस अशा पोरापोरींना भाड्यात द्या ज्या तिथे बारा महिने राहायला तयार आहेत, मग त्या मोरोक्कोच्या असोत, रुमानियाच्या असोत नाहीतर बार्सेलोनाहून परत आलेल्या नाती असोत. इतिहासात एकदा त्या दरीतून माणसं हाकलून नवी बसवली होती, यावेळी हाकलायचीही गरज नाही, घरं आधीच रिकामी आहेत. त्यांनी चुना मारला तर उत्तम. नाही मारला आणि गल्लीने मिळून ठरवून पिवळा रंग दिला तर मला त्रास होईल, माझे फोटो जुने होतील, पण तो माझा त्रास आहे.

मुलीला हे पटलेलं नाही. ती म्हणते बाबा, तुम्ही एका आजीला भेटून एवढं तत्त्वज्ञान काढलंत. शिवाय चुना शिकणारे तरुण गवंडी पण आहेत, तेही हळूहळू वाढतील, तुम्ही उगाच भिंत विरुद्ध पाट असं करताय. असेल. तिचं म्हणणं मी इथे नोंदवून ठेवतो, कारण ती हे वाचणार आहे.

आजीकडून निघताना मी मुलीला विचारायला सांगितलं की दरवर्षी एवढं वर चढून मारता, या वयात, कोणी मदतीला येत नाही का. आजी म्हणाली समोरच्या भाड्याच्या घरात कधी कधी तरुण पोरं उतरतात, ती विचारतात आम्ही करू का, आणि पाच मिनिटं ब्रश धरून व्हिडिओ काढतात. मग ती भिंत मला परत मारायला लागते.

हे सगळं मी ग्रुपवर नाही टाकलं. मेव्हण्याला फक्त एवढं लिहिलं की तुम्ही पुढच्या वर्षी जाताय ना, मग रोंदाचा अर्धा दिवस सोडा, अल्पुहारात कापिलेइराला दोन रात्री राहा, कोणाच्यातरी राहत्या घरातली खोली घ्या, सकाळी लवकर पाटाच्या कडेने चालत जा. लगेच दोन निळ्या टिका आल्या. टायपिंग, टायपिंग, थांबलं, परत टायपिंग.

"दोन रात्री तिथे करायचं काय?"